पावसाळ्यात रंगवायचे मावळे: अस्तर, सावळी कातडी, पांढरे अंगरखे

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरातल्या एका खेळाडूकडे २८ मिलिमीटर मापाचे चाळीस मावळे, म्हणजे युद्धखेळातल्या छोट्या आकृत्या आहेत, निम्मे प्लास्टिकचे, निम्मे थ्रीडी प्रिंटरवर काढलेले रेझिनचे. टेबलावर पावनखिंडीची लढाई मांडायची आहे. जुलैत गॅलरीत उभं राहून स्प्रेने प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, मारला, तर काही आकृत्या खरखरीत झाल्या आणि काहींवर पांढरट झाक आली. पहिले पाच रंगवून पाहिले, तर चेहरे राखाडी, अंगरखे खडू फासल्यासारखे, आणि वॉश (खळग्यांत सावली उतरवणारा पातळ रंग) सुकल्यावर कडेने डाग. रंग चांगल्या कंपनीचे आणावेत का, असं विचारलं आहे.

रंग आहेत तेच ठेवा. तक्रारींपैकी बहुतेक पाण्याच्या आहेत: हवेतलं पाणी, ब्रशातलं पाणी, वॉशमधलं पाणी. राखाडी चेहऱ्यांचं कारण वेगळं आहे, ते पांढऱ्या ट्यूबमध्ये आहे.

आधी प्रायमर. खरखरीतपणा आणि पांढरट झाक हे दोन वेगळे दोष आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी. खरखरीत झालं म्हणजे रंगाचे कण आकृतीवर पोचायच्या आत हवेतच अर्धे सुकले. डबा ३० सेंटिमीटरच्या पुढे धरला, गॅलरीत वारा होता किंवा डबा नीट हलवला नव्हता, तर हे होतंच. पावसाळ्यात डबा गार पडून आतला दाबही कमी होतो, मग फवारा बारीक न येता थेंब थुंकतो. त्यासाठी डबा पाच मिनिटं हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात ठेवायचा. उकळतं पाणी नको, गॅसजवळ तर मुळीच नको. नंतर पूर्ण दोन मिनिटं हलवायचा, आतली गोळी खुळखुळायला लागल्यापासून मोजून.

पांढरट झाक हवेतल्या दमटपणाने येते. फवाऱ्यातला द्राव भराभर उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो, आणि त्या गार पृष्ठभागावर हवेतली वाफ धरते. ओल्या थरात ती अडकली की थर धुरकट होतो. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत असेल तर निर्धास्त मारा, ७० च्या पुढे स्प्रे कपाटात ठेवा. जुलैत झड लागली की इथे आठवडाभर काटा ७० च्या खाली येत नाही. छोटा डिजिटल आर्द्रतामापक स्वस्तात मिळतो, तो घ्या. खिडकीबाहेर बघून अंदाज करू नका, कारण पाऊस थांबल्यावर लगेच हवा सगळ्यात जास्त दमट असते.

म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये ब्रशने लावायचा प्रायमर वापरावा. वालेहो कंपनीचा सरफेस प्रायमर पाणी न घालता, ४ नंबरच्या मऊ ब्रशने, दोन पातळ हात. पहिला हात लावल्यावर चेहऱ्याच्या आणि घड्यांच्या खळग्यांत साचलेला प्रायमर कोरड्या ब्रशने टिपून घ्यायचा. तो पॉलियुरेथेनचा असतो, सुकताना ताणला जाऊन आपोआप सपाट होतो, पण पूर्ण पक्का व्हायला कोरड्या हवेत एक दिवस आणि पावसात दोन दिवस लागतात. त्याआधी नख लागलं की सालीसारखा निघतो. त्याच्यावर पॉलिश पेपर मारू नका, तो घासला न जाता रबरासारखा गुंडाळतो. कॅमलचा जेसोही (कॅनव्हासला लावतात ते अस्तर) चालतो, मात्र दोन भाग जेसोला एक भाग पाणी घालून, नाहीतर मिशांचे केस बुजतात.

स्प्रेच मारायचा असेल तर उघडीप मिळालेली दुपार गाठा, अकरा ते तीनच्या दरम्यान. लाकडी पट्टीवर दुहेरी टेपने पाच-सहा मावळे चिकटवा, अंतर २० सेंटिमीटर ठेवा, फवारा आकृतीच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा. एका फेरीत सगळं झाकायचा हट्ट नको. पट्टी उलटी धरून खालून एक फेरी मारा, कारण हनुवटी आणि ढालीची आतली बाजू हमखास राहते.

रेझिनच्या आकृत्यांना एक जादा पायरी आहे. प्रिंट आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुऊन झाल्यावर ४०५ नॅनोमीटरच्या यूव्ही दिव्याखाली नीट पक्क्या करा. पावसाळ्यातल्या ढगाळ उन्हावर विसंबू नका. अर्धवट पक्क्या रेझिनवरचा कुठलाही प्रायमर चिकट राहतो, आणि लोक प्रायमरला दोष देतात. ढालीसारख्या रुंद भागावर प्रिंटच्या थरांच्या रेषा दिसत असतील तर ४०० आणि मग ८०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवा. हे काम प्रायमरच्या आधीच, कारण वॉश त्या रेषा हमखास उठवून दाखवतो. प्लास्टिकवरचा साच्याचा सांधा कटरच्या पातीच्या उलट्या बाजूने खरवडला की पुरे, आणि मग भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुऊन घ्या.

बिघडलेल्यांचं काय करायचं? नुसती पांढरट झाक असेल आणि बोटाला पृष्ठभाग गुळगुळीत लागत असेल तर काहीच करू नका, वरचा रंग ती झाकतो. खरखरीतपणा कपड्यावर असेल तर चालवून घ्या, चेहऱ्यावर असेल तर प्रायमर काढा. प्लास्टिकसाठी औषधाच्या दुकानातलं डेटॉल उत्तम, तेही पाणी न मिसळता. झाकणाच्या काचेच्या बरणीत एक दिवस बुडवून ठेवा, हातमोजे घालून जुन्या टूथब्रशने घासा. इथे एक चूक सर्रास होते: घासल्यावर लगेच नळाखाली धरतात. पाणी लागताच सुटलेला रंग आणि डेटॉल मिळून चिकट गाळ होतो, तो फटींत बसला की निघत नाही. आधी दुसऱ्या वाटीत ताज्या डेटॉलमध्ये खळखळून घ्या, मगच साबण आणि पाणी. रेझिनला इतका वेळ बुडवू नका, ते मऊ पडतं. तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोल, १५ मिनिटांच्या आत, आणि आधी एकाच आकृतीवर करून बघा. अ‍ॅसिटोन फक्त धातूच्या आकृत्यांसाठी. प्लास्टिक त्यात वितळतं.

आता चेहरे. उजेड दाखवायला तपकिरीत टायटॅनियम व्हाइट घातला की चेहरा राखेचा होतो, कारण तो पांढरा थंड आणि अपारदर्शक आहे, तपकिरीतला लालपणा खाऊन टाकतो. युरोपातल्या बहुतेक कृती गोऱ्या कातडीसाठी लिहिलेल्या असतात आणि त्यात शेवटचा हात पांढऱ्याकडेच जातो. आपल्याकडच्या सावळ्या चेहऱ्यावर ऊन पडलं की कपाळ आणि गालाचं हाड पिवळट, तांबूस दिसतं. म्हणून उजळ करायचं ते यलो ऑकरने.

ट्यूबच्या रंगांत कृती अशी. पायाचा रंग: बर्न्ट अंबर २ भाग, बर्न्ट सिएना २ भाग, यलो ऑकर १ भाग. दोन पातळ हात. त्यावर सावलीसाठी बर्न्ट अंबरमध्ये ब्रशच्या टोकाला लागेल इतकाच अल्ट्रामरीन घालून पातळ वॉश, फक्त डोळ्यांच्या खोबणीत, नाकाच्या कडेला, मिशीखाली आणि बोटांच्या मध्ये. तो सुकला की पायाच्या रंगात सिएना १ आणि ऑकर १ भाग वाढवून गाल, नाक, कपाळ, कान. मग त्यात ऑकर आणखी २ भाग, जागा आधीपेक्षा निम्मी. शेवटचा हात फक्त नाकाचा शेंडा, गालाचं हाड, भुवईची कड आणि बोटांची पेरं: ऑकर २, पायाचा रंग १, आणि पांढरा ब्रशच्या टोकापुरता. पांढरा वापरायची परवानगी एवढीच. वालेहोच्या बाटल्या असतील तर हाच क्रम ७०.८७२ चॉकलेट ब्राउन, ७०.८१८ रेड लेदर, ७०.९८१ ऑरेंज ब्राउन आणि शेवटी ७०.८७६ ब्राउन सँड असा जमतो.

चाळीस जणांना एकच कातडी देऊ नका. पायाचा रंग तीन वाट्यांत करा. एकीत ऑकर एक भाग जास्त, एकीत अंबर एक भाग जास्त, एक आहे तशी. पुढचे सगळे हात एकाच मिश्रणाचे लावले तरी तिन्ही गट वेगळे दिसतात. दाढीच्या खुंटांसाठी पायाच्या रंगात किंचित काळा-निळा घालून, सहापट पाण्याने पातळ करून जबड्यावर एक हात फिरवा. मिशी निखळ काळी रंगवू नका, काळ्यात अंबर मिसळा, नाहीतर दोन फुटांवरून तोंडाला भोक पडल्यासारखी दिसते. डोळे रंगवण्याचा अट्टहास मला पटत नाही. टेबलावरचा शिपाई हातभर अंतरावरून बघितला जातो, तिथे खोबणीतली गडद सावली पुरते. बाजीप्रभूंचे डोळे मात्र रंगवा: आधी गडद तपकिरी आडवी रेघ, तिच्यात तपकिरी मिसळलेल्या हस्तिदंती रंगाचे दोन ठिपके, मध्ये बुबुळ. निखळ पांढरा घातला तर चेहरा घाबरलेला दिसतो.

अंगरख्यांचा खडू दोन कारणांनी होतो. एक म्हणजे पांढऱ्यापासून सुरुवात आणि करड्या वॉशने सावली. दुसरं म्हणजे एकाच जाड हातात झाकायची घाई. सुती अंगरख्याचा पाया पांढरा नसतोच: पांढरा ४, यलो ऑकर १, बर्न्ट अंबर १. हा रंग भांड्यात बघितला तर मळकट वाटेल, आकृतीवर तो सावलीतलं सुती कापड दिसतो. कमरेच्या शेल्याखाली अंगरख्याच्या चुण्या सुटतात, त्यातली एक चुणी धरून सांगतो. चुणीच्या तळाला पाया तसाच सोडायचा. मग पायात पांढरा ४ भाग वाढवून चुणीच्या दोन्ही उतारांवर, ब्रश तळाकडून माथ्याकडे ओढायचा, कारण ब्रश जिथे उचलला जातो तिथे रंग जास्त साचतो आणि तो माथ्यावरच साचायला हवा. त्यानंतर आणखी पांढरा ४ भाग, फक्त वरच्या निम्म्या उतारावर. शेवटी ऑकरचा स्पर्श असलेला पांढरा, चुणीच्या माथ्यावर केसाएवढी रेघ. ती खालपर्यंत न नेता मध्येच सोडून द्या. प्रत्येक पायरीला दोन-तीन पातळ हात लागतील. पांढरा रंग पातळ लावला की पहिल्या हाताला पट्टेपट्टे दिसतो, तिथे घाबरून जाड रंग घेणारे खडूवर पोचतात.

पातळ म्हणजे किती? बाटलीतल्या रंगाच्या एका थेंबाला पाण्याचा एक थेंब. ट्यूबमधल्या हरभऱ्याएवढ्या रंगाला चार-पाच थेंब. अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढून बघा, ती नखाच्या कडेला न पळता जागेवर राहिली आणि खालचं नख किंचित दिसलं, तर बरोबर. त्यापुढे पातळ करायचं असेल तर पाण्याऐवजी मॅट मीडियम, म्हणजे रंगकण नसलेलं बिनचमकीचं माध्यम, घाला. नुसतं पाणी वाढवलं की रंगकणांना धरून ठेवणारं माध्यम विरळ होतं आणि सुकल्यावर रंग बोटाला लागतो. कापडावर रंगवायचे फेविक्रिलचे रंग मात्र या कामाला घेऊ नका, ते लवचीक राहावेत म्हणून बनवलेले असतात, पातळ केले की फाटतात.

वेट पॅलेटबद्दल (ओल्या स्पंजावर रंग ठेवायची थाळी) सगळीकडे ठासून सांगितलं जातं, आणि एप्रिलच्या कोल्हापुरात ते खरंच आहे, ब्रशवरच रंग सुकतो. जुलैत मात्र ओल्या स्पंजावर ठेवलेला रंग पाणी पीत राहतो आणि अर्ध्या तासात वॉश होऊन जातो. पावसाळ्यात साधी पांढरी टाइल वापरा. वेट पॅलेट लागलाच तर स्पंज घट्ट पिळून घ्या आणि रोज उकळत्या पाण्यातून काढा, नाहीतर तिसऱ्या दिवशी बुरशीचा वास. दोन हातांमध्ये वेळही जास्त द्यावा लागतो. कोरड्या दिवसांत पाच मिनिटं पुरतात, झडीत १५ धरा. अर्धवट सुकलेल्या थरावर ब्रश फिरला की खालचा थर उचलून येतो आणि तिथे खड्डा राहतो. हेअर ड्रायर चालेल, सगळ्यात मंद वाऱ्यावर, हातभर लांबून.

वॉशच्या डागांकडे वळू. साचलेल्या थेंबाची कड आधी सुकते, आतलं पाणी कडेकडे ओढलं जातं, जाताना रंगकण घेऊन जातं आणि तिथे सोडतं. हवा दमट असली की हा खेळ जास्त वेळ चालतो, म्हणून जुलैत डाग ठळक. उपाय म्हणजे वॉशमध्ये पाणी कमी, माध्यम जास्त: मॅट मीडियम ४ थेंब, पाणी ३, रंग १, आणि टूथपिकच्या टोकाला लागेल इतका भांड्यांचा द्रव साबण. साबणाने थेंब गोल न राहता पसरतो, पण जास्त झाला तर फेस येतो आणि फेसाचे बुडबुडे तसेच सुकतात. बोअरचं पाणी वापरत असाल तर तेही थांबवा. त्यातले क्षार सुकल्यावर पांढरे उमटतात आणि माणूस रंगावर चिडतो. गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीत भरायचं डिस्टिल्ड पाणी (अ‍ॅसिड नव्हे) आणून ठेवा, एक बाटली वर्षभर जाते.

वॉश सगळ्या आकृतीवर ओतू नका. घड्यांत, पट्ट्याखाली, पगडीच्या पेचांमध्ये सोडा, आणि सपाट जागेवर साचलेला लगेच ओलसर स्वच्छ ब्रशने टिपा. एक मिनिट उलटल्यावर हात लावायचा नाही. डाग पडलाच तर सुकू द्या आणि पायाच्या रंगाचा अगदी पातळ हात दोनदा फिरवून बुजवा. चाळीसच्या चाळीस लवकर उरकायचे असतील तर काळ्या अस्तरावर करडा आणि मग पांढरा कोरड्या ब्रशने घासून त्यावर कॉन्ट्रास्ट किंवा स्पीडपेंट जातीचे, एकाच हातात रंग आणि सावली देणारे रंगही चालतात. आर्मी पेंटर कंपनीचे २०२२ चे जुने स्पीडपेंट जवळ असतील तर सावध राहा, त्यांच्यावर ओला रंग लावला की ते सुटून वर येतात. २०२३ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो दोष काढला आहे.

पगड्या आणि मुंडाशी एकाच रंगाची करू नका, मावळ्यांना गणवेश नव्हता. निम्मी मळकट पांढरी ठेवा, बाकीच्यांत विटका लाल, हळदी पिवळा, निळीचा निळा आणि तपकिरी वाटून द्या. लालाचा पाया क्रिमसन २ आणि बर्न्ट अंबर १, वर व्हर्मिलियन, माथ्यावर व्हर्मिलियनमध्ये नारिंगी. पांढरा घातला तर गुलाबी होतो, तो जोतिबाच्या यात्रेत शोभेल. पिवळा रंग काळ्या अस्तरावर पाच हातांनीही झाकला जात नाही, आधी यलो ऑकरचा एक हात द्या. चपलांना आणि पट्ट्यांना ऑकर ३, सिएना २, अंबर १. कोल्हापुरी चपलेचं नवं कातडं पापाच्या तिकटीला जाऊन जवळून बघा, त्याचा पिवळेपणा बाटलीतल्या लेदर ब्राउनमध्ये नसतो. कातडी ढालींच्या काळपट पृष्ठभागाला किंचित चमक असते, तिच्यावरच्या धातूच्या फुल्या वेगळ्या चमकतात. न्यू पॅलेसच्या संग्रहालयातली हत्यारं एकदा डोळ्यांखालून घाला, तलवारीची मूठ कुठे संपते हे चित्रांपेक्षा तिथे लवकर कळतं.

तलवारींच्या पात्यांना काळा पाया, त्यावर गनमेटल (गडद पोलादी रंग), काळा-तपकिरी वॉश, आणि धारेवर चंदेरी रेघ. धातूच्या रंगांचं पाणी आणि ब्रश वेगळे ठेवा, त्यातली चकाकी एकदा पाण्यात उतरली की पुढच्या चेहऱ्यांवर चमकत बसते.

तळाचं काम इथल्या माणसाला सोपं. २५ मिलिमीटरच्या चकतीवर एम-सीलने खडकाचा उठाव द्या, ओल्या बोटाने दाबून. ते लवकर घट्ट होतं, एका वेळी चार-पाच तळांपुरतंच मळा. पन्हाळ्याचा माथा जांभ्याचा, तिथली माती तांबडी. ती तव्यावर कोरडी भाजून चहाच्या गाळणीने चाळली की खरीखुरी धूळ मिळते. खिंडीतले खडक मात्र काळ्या बसाल्टचे दाखवा: काळ्यात थोडा अंबर आणि वर कोरड्या ब्रशने करडा. निम्मं फेविकॉल, निम्मं पाणी लावून माती पसरा, सुकल्यावर त्याच पातळ फेविकॉलचा वरून एक हात द्या, नाहीतर खेळताना माती झडते. १२ जुलै १६६० च्या रात्री ही माणसं पन्हाळ्यावरून निघाली आणि १३ तारखेला खिंडीत लढली, म्हणजे रात्रभर चिखल तुडवून. अंबर आणि सिएनाचं मिश्रण फाटक्या स्पंजाने पोटरीपासून गुडघ्यापर्यंत टिपा, वर जाताना विरळ. तळावरच्या पावलांच्या खळग्यांत शेवटी ग्लॉस वार्निशचा थेंब सोडला की पाणी साचल्यासारखं दिसतं. गवत वाळकं तपकिरी नको. जुलैतली सह्याद्री पोपटी असते.

वार्निशला प्रायमरचाच नियम, उलट जास्त कडक, कारण मॅट स्प्रे दमट हवेत पांढरा पडला तर पूर्ण झालेली आकृती जाते. ब्रशने लावायचं मॅट वार्निश घ्या, बाटली उलटीसुलटी करून तळाची भुकटी पूर्ण मिसळू द्या, पातळ एकच हात. हातात फार फिरणाऱ्या आकृत्यांना आधी ग्लॉसचा हात, दुसऱ्या दिवशी मॅट. धातूवर आणि ढालींवर सगळ्यात शेवटी सॅटिन, म्हणजे मध्यम चमकीचं वार्निश. मॅट पांढरा पडलाच तर लगेच रंग काढायला धावू नका. ब्रशने ग्लॉसचा एक हात दिला की बहुतेक वेळा धुरकटपणा पारदर्शक होतो, मग कोरड्या दिवसाची वाट बघून पुन्हा मॅट.

हात किंवा भाला फेविक्विकने चिकटवला असेल तर ती आकृती त्याच दिवशी डब्यात बंद करू नका. त्याची वाफ बंद जागेत आजूबाजूच्या रंगावर पांढरी बसते. एक रात्र उघड्यावर ठेवा, आणि डब्यात सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या टाका, कारण मातीच्या आणि गवताच्या तळांना ऑगस्टमध्ये बुरशी धरते.